वाचतोय मास्तर

जव्हारची हवा चांगली आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण परत आल्यापासून जो भेटतो तो तेवढंच विचारतो. पाणी गोड आहे, पहाटे पांघरूण लागतं, डास आमच्या वसईपेक्षा कमी आहेत. एवढ्यावर ज्यांचं समाधान होईल त्यांनी इथंच थांबावं. मी हवा खायला गेलो नव्हतो. माझ्या धाकट्या भावाला, पास्कूला, घरी आणायला गेलो होतो. आणि जाताना पाद्रीला मागे ठेवून पुस्तकांचं गाठोडं बरोबर नेलं.

पास्कूची हकीकत थोडक्यात सांगतो. प्लेगच्या साली त्याची बायको आणि तान्हं मूल एकाच आठवड्यात गेलं. दोघंही गावाबाहेरच्या झोपड्यांत होती, आणि पहारेकऱ्यांनी पाद्रीला आत सोडलं नाही. कुमसार नाही, म्हणजे पाद्रीपुढं पापं कबूल करणं नाही, मरताना कपाळाला लावतात ते शेवटचं तेल नाही. तेव्हापासून पास्कूनं देवाशी अबोला धरला. देवाला शिव्या दिल्या नाहीत, वाद घातला नाही, नुसतं बोलणं टाकलं. मिस्सेला, रविवारच्या उपासनेला, जाईना. आईनं रडून पाहिलं, मी रागावून पाहिलं. शेवटी एका लाकूडठेकेदाराकडे ओंडके मोजायचं काम धरून तो मोखाड्याच्या वर सूर्यमाळच्या जंगलात जाऊन राहिला. तिथली माणसं त्याला मास्तर म्हणत. शाळेशी त्याचा संबंध नव्हता. हातात कायम पुस्तक, म्हणून मास्तर.

पुस्तकांचं वेड आम्हा दोघांनाही. वसईचा वाडीवाला केळी लावतो, पान लावतो, पुस्तकं कशाला वाचेल, असं लोकांना वाटतं. पण आमच्या घरात तीन पुस्तकं होती आणि ती आम्ही झिजवली. पहिलं जाडजूड संतचरित्रांचं. दुसरं एका गलबताच्या प्रवासाचं. त्याची सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळं ते गलबत कुठल्या बंदरातून निघालं हे आम्हाला कधीच कळलं नाही. लहानपणी पास्कू रोज नवं बंदर सांगायचा. तिसरी पोथी. प्रभूच्या दुःखभोगाच्या ओव्या आमच्या आज्याच्या चुलत्यानं स्वतः रचलेल्या आणि बोरूनं लिहिलेल्या. बाबा होते तोवर उपासाच्या चाळीस दिवसांत ते ती रोज संध्याकाळी वाचायचे आणि आई, जिला अक्षर येत नाही, ती खांबाला टेकून ऐकायची. पास्कू घर सोडून गेला त्या साली ती पोथी घरातून नाहीशी झाली. वाळवीनं खाल्ली असेल म्हणून मी माळा उलथापालथा केला. मग दर उपासाला मी जेवढं पाठ होतं तेवढं म्हणत आलो, अडखळत.

या वर्षी शिमग्याच्या आधी पास्कू तापानं आजारी असल्याचं कानावर आलं. आईनं माझ्याकडं दुसरं काही मागितलं नाही, एकच गोष्ट मागितली: त्याचा अबोला सुटू दे, मग देवाची इच्छा. आमच्या देवळातले म्हातारे पाद्री (आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो) गुडघ्यांनी पार अधू झालेले, तरी माझ्याबरोबर यायला तयार झाले. निघायच्या सकाळी तेलाची डबी पिशवीत टाकून आमच्या घरी येऊन बसले होते. त्याच सकाळी जान्या आमच्या अंगणात उभा राहिला. पास्कू ज्या घरात राहायचा त्या घरधणिणीचा हा भाऊ. लाकडाच्या गाड्यांबरोबर मनोरला आला होता आणि तिथून लाकूड नेणाऱ्याच होडीनं वसईला. त्याच्या मुलखाची बोली वेगळी. आपलं मराठी तो शब्द शोधत, तोलून बोलत होता.

"मास्तर कसा आहे?" आईनं विचारलं.

"खात नाय काय," जान्या म्हणाला. "वाचतोय. तुमाला बलावलाय."

आई तिथंच मातीत गुडघे टेकून बसली. वाचतोय. खात नाही, पण वाचतोय. तापातून उठलेल्या माणसाला अन्न गोड लागत नाहीच. मी जान्याला गूळपाणी दिलं. भरतीला होडी सुटायची होती, तो घाईत निघून गेला. मग आई पाद्रींना म्हणाली, "पोरगा वाचतोय तर तुम्ही कशाला एवढे हाल काढता, पाद्रीबाबा. इनास त्याला घेऊन येईल, मग इथंच कुमसार होऊ दे." मलाही तेच पटलं. तेलाची डबी बघून बरा होत असलेला माणूस बिथरायचा. त्यापेक्षा पुस्तकं न्यावीत. पुस्तकांनी तो बोलता होईल, आणि माझ्याशी बोलायला लागला की देवाशीही बोलेल, असा माझा हिशेब.

घाईचं कारण उरलं नाही. रविवारची मिस्सा करून, आईनं केलेलं लोणचं आणि सुकट बांधून, दोन पुस्तकं धोतराच्या फडक्यात गुंडाळून मी सावकाश निघालो.

मनोर ते जव्हार

मनोरपर्यंत खाडीतून होडी. पुढं बैलगाडी. गाडीवान बोलका होता, आणि बोलका गाडीवान हे सुख की दुःख ते रस्ता किती खराब आहे त्यावर ठरतं. पळस फुलला होता, मोहाची फुलं टपटप पडत होती आणि बायका, पोरं ती वेचत होती. आमच्याकडं उपासाचे दिवस म्हणजे देवळातल्या मूर्ती जांभळ्या कापडानं झाकतात, लग्नं बंद, वाजंत्री बंद. इथं त्याच दिवसांत पाड्यापाड्यावर होळीची लाकडं रचलेली आणि ढोल तापवायचं काम जोरात. एकाच चंद्राखाली माणसं किती वेगळी वागतात, असं काहीतरी मी गाडीत बसून मनात जुळवत होतो. मन हलकं होतं ना. हलक्या मनाला असले विचार सुचतात.

गाडीवानानं माझ्या गळ्यातला क्रूस पाहिला होता. "तुमचा देव काय मागतो?" त्यानं विचारलं. "आमचे कोंबडा मागतात."

मी म्हटलं, आमचा कोंबडा मागत नाही. आपण काय काय चुकलो ते पाद्रीपुढं जाऊन कबूल करायचं, तेवढं मागतो.

त्यानं बराच विचार केला. "आमच्यात उलटा आहे. आमचा भगत दाणे टाकतो नि तोच सांगतो तुझा काय चुकला. आपल्याला वळखायची गरज नाय." मग बैलाला चुचकारून म्हणाला, "तुमचा कठीण आहे. मानसाला सोताचा काय चुकला तां कसा कळंल?"

मी हसलो. आता हसू येत नाही.

जव्हार संस्थानच्या हद्दीवर चौकी होती. शिपायाला माझ्या गाठोड्यात दारू असावी असा संशय आला, आणि निघाली पुस्तकं. त्यामुळं त्याचा संशय आणखीच वाढला. छापील कागद संस्थानात कशाला? मी सांगितलं, देवाचं आहे. "मग वाचून दाखवा." मी रस्त्याच्या कडेला उभं राहून संतचरित्रांतलं मध्येच एक पान उघडलं. भट्टीत टाकलेल्या एका संताची कथा होती. मला ती तोंडपाठ असल्यानं आवाज चांगला लागला. दोन गाडीवाले थांबले, एक बाई डोक्यावरचा भारा न उतरवता ऐकत उभी राहिली. शिपाई तर बाजूच्या दगडावर बसलाच.

मी थांबलो तेव्हा त्यानं विचारलं, "मग शेवटी वाचला का तो?"

"नाही. म्हणून तर संत झाला."

"हात्तिच्या," शिपाई म्हणाला. त्याची निराशा अगदी खरी होती. "एवढा देव देव करून नाय वाचला? जा तुम्ही."

पुढं गाडीत बसल्यावर मला त्या पुस्तकाची एक गोष्ट जाणवली, जी इतक्या वर्षांत जाणवली नव्हती. त्यात संत वाचत नाहीत, पण पाद्री मात्र नेहमी वेळेवर पोचतो. पूर असो, लढाई असो, बर्फ असो, मरणाऱ्याच्या उशाशी कोणीतरी प्रसाद घेऊन हजर. कोणी नसेल तर देवदूत. प्लेगच्या झोपडीला पहारा होता असं त्या पुस्तकात एकाही पानावर नाही. बायको गेल्यावर पास्कूनं ते पुस्तक वाचायचं का टाकलं ते मला त्या धक्क्याधक्क्याच्या रस्त्यावर थोडं कळलं. मनात म्हटलं, बरं झालं गलबताचंही आणलं ते. त्याच्यापासून सुरुवात करू.

जव्हार

जव्हारला मी दोन दिवस राहिलो. एक दिवस पुरे होता. पण गाडीचा आख तडकला होता, आणि गाडीवान म्हणाला, उद्या दरबारची होळी आहे, ती बघून परवा जाऊ. मी हो म्हटलं.

गाव पठारावर आहे आणि कडेला जाऊन उभं राहिलं की खाली दरी एकदम सुटते. राजवाडा, कचेरी, चार दुकानं, शनिवारचा असावा तसा रोजच थोडाथोडा बाजार. बाजारात सुके बोंबील दिसले. विचारलं तर वसईकडचे. आमच्या समुद्राचे बोंबील माझ्या आधी येऊन टांगून घेतलेले बघून मला उगीच घरच्यांना भेटल्यासारखं वाटलं. ज्या वाण्याच्या पडवीत उतरलो होतो त्याच्या घरी नागलीची भाकर आणि उडदाचं वरण. आमच्या तांदळाच्या भाकरीच्या मानानं नागलीची भाकर काळपट आणि घशाला जरा रखरखीत, पण दुसऱ्या घासाला तिची चव कळते आणि पोट दिवसभर बोलत नाही.

होळी मोठी झाली. लांबलांबच्या पाड्यांवरची माणसं आली होती. ढोल, नाच, सोंगं. तोंडाला काळं फासलेला एक माणूस बाईचं लुगडं नेसून सावकारासारखा चालून दाखवत होता आणि खुद्द दरबारी मंडळी हसत होती. मी उपासाच्या दिवसांतला ख्रिस्ती, मी लांब उभा राहिलो, पण पाय ठेका धरत होते हे लपवण्यात काय अर्थ. त्या ज्वाळेकडं बघत मी पास्कूसाठी एक छोटी प्रार्थना म्हटली. आभाराची. त्याला वाचवल्याबद्दल.

ती आभाराची प्रार्थना मला आता गिळताही येत नाही आणि ओकताही येत नाही.

मोखाडा

मोखाड्याला संस्थान संपून इंग्रजांची हद्द लागते. झाडांना त्याचा पत्ता नाही. मधला उतार आणि चढ इतका की बैलांपेक्षा मीच जास्त चाललो. शुक्रवार होता. उतरलो त्या घरच्या म्हाताऱ्यानं पाहुण्यासाठी कोंबडा कापायचा घाट घातला. मी शुक्रवारी मांस खात नाही म्हटल्यावर तो गोंधळला. "तुमच्यातला मास्तर पन असाच," तो म्हणाला. "वर सूर्यमाळला. शुकरवारी नाय खायचा."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. देवाशी अबोला धरलेला माणूस शुक्रवार पाळत होता. मी म्हाताऱ्याला चारदा विचारलं, नक्की शुक्रवारीच का. नक्की. बाजारहाटाला उतरला की इथंच जेवायचा, नि शुक्रवारी नुसती चटणी भाकर.

म्हाताऱ्यानं पुढं काही सांगितलं नाही. त्याला माहीत होतं, हे मला नंतर कळलं. दिवस मावळायच्या आधी पाहुण्याला तसलं सांगू नये असा त्यांच्यात रिवाज, आणि दिवस मावळल्यावर तर मुळीच सांगू नये. म्हणजे सांगायची वेळच नाही. मी त्या घरात आनंदानं झोपलो. उद्या भेटल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते जुळवत होतो. 'काय रे शुक्रवारवाल्या,' असं म्हणायचं ठरलं.

सूर्यमाळ

सूर्यमाळला गाडी जात नाही. गाठोडं डोक्यावर घेऊन चढलो. वर गेल्यावर घरं एकत्र नाहीतच. इकडं चार, त्या टेकाडापलीकडं तीन. डोंगर मोठे, आणि मार्गशीर्षात म्हणे धुकं असं की शेजारी दिसत नाही. आता मात्र सगळं वाळून कुरकुरीत. बायका खालच्या झऱ्यावर पाण्याला गेलेल्या. एकेक हंडा वाटीवाटीनं भरायला लागायचा. वसईत विहिरीला हात घातला की पाणी. मला त्या हंड्यांकडं बघून लाज वाटली.

लखमीचं घर कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं. लखमी म्हणजे जान्याची बहीण, पास्कूची घरधणीण. चाळिशीची विधवा बाई, आवाज जरा घोगरा. जात्यावर नागली दळत होती. मी दारात उभा राहून म्हटलं, "मी इनास. मास्तरचा भाऊ. वसईचा."

तिनं जात्याचा खुंटा सोडला. पीठ भरलेले हात तसेच मांडीवर ठेवले.

"लय उशीर केलास, दादा," ती म्हणाली.

मी म्हणालो, असं कसं? जान्या तर सांगून गेला, वाचतोय म्हणून.

"वाचतच व्हता," लखमी म्हणाली. "खायचा नाय, पियाचा नाय. ताप चढला तरी बुक हातात. दिसभर वाचायचा. मंग डोळ्यांनी कमी दिसाया लागला. तवा जान्याला बोलला, दादाला बलाव. दादा येऊन वाचून दाखवील. होळीच्या आदल्या दिशी गेला."

बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. लखमीनं पाणी आणून ठेवलं आणि मी ते प्यालो, कारण ते लांबून आणलेलं होतं.

वाचतो. आपल्या भाषेत जिवंत राहतो त्याला वाचतो म्हणतात आणि पुस्तक बघतो त्यालाही वाचतोच म्हणतात. जान्यानं दूरच्या गावी जाऊन परक्या भाषेत बिचाऱ्यानं बरोबर शब्द वापरला. त्याच्यात काडीची चूक नव्हती. ज्यांची ती मायबोली, त्या आम्ही तिघांनी, मी, आईनं आणि शिकल्यासवरल्या पाद्रींनी, त्यातला आपल्याला हवा तो अर्थ उचलला. माझं सगळं आयुष्य वाचण्यात गेलं, आणि हा शब्द काही मला वाचता आला नाही. पास्कू होता तसा असता तर यावर पोट धरून हसला असता.

"कुठलं पुस्तक?" मी विचारलं. मला वाटलं, गलबताचंच दुसरं कुठलं तरी मिळवलं असेल.

लखमीनं आढ्याला टांगलेल्या टोपलीतून कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. आमची पोथी. बाबांची. आज्याच्या चुलत्याच्या बोरूची. माळा उलथापालथा करून मी जी वाळवीच्या नावावर खपवली होती ती. अबोला धरून घरातून निघालेल्या माणसानं जाताना तीन पुस्तकांतून तीच उचलली होती.

शुक्रवार आणि ही पोथी. म्हणजे अबोला सुटला होता का? म्हणजे शेवटी तो प्रभूचं दुःख वाचत गेला? मी लखमीला खांदे धरून विचारलं असावं, कारण ती जरा मागं सरली. शेवटी काय म्हणाला? देवाचं नाव घेतलं का? कोणाचं नाव घेतलं?

लखमीनं सांगितलं ते असं. पुढं डोळे पुरते गेल्यावर पास्कू पोथी तिच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, वाच. ती म्हणायची, मास्तर, मला कुठं येतंय. तो पुन्हा म्हणायचा, वाच. तापात माणसाला नाही म्हणून काय उपयोग. पाड्यात कोणालाच अक्षर येत नव्हतं. मला आणायला पाठवलेला जान्या परतला, मी काही आलो नाही. मग तिनं पोथी उघडून दोन्ही हातांत धरली, मास्तर धरायचा तशी, आणि तिला जी येत होती ती कथा सांगितली. कणसरीची. कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी; रुसून निघून जाते आणि माणसं उपाशी मरतात. पास्कू ऐकत राहिला. मधे थांबली की हाताची बोटं हलवायचा, पुढं वाच म्हणून. दोन दिवस तिनं वाचलं. होळीच्या आदल्या दिवशी ती वाचत असतानाच तो गेला.

"त्याला कळलं का, तूच सांगतेस, बुकातलं नाही?" मी विचारलं.

"तां मला नाय ठावं," लखमी म्हणाली. "कळला असंल. नसंल."

मी पोथी उघडली. पानांच्या कडांना नागलीच्या पिठाचे तांबूस ठसे होते, अंगठ्यांचे. सगळे वरच्या बाजूला. पोथी तिनं उलटी धरली होती.

त्यांच्यात माणूस जाळतात. तरी जान्यानं मोखाड्याहून माहिती काढली होती की यांच्यात पुरतात, म्हणून त्यांनी पास्कूला ऐनाच्या झाडाखाली पुरलं आणि वर एक दगड उभा केला. जमीन मंत्रलेली नाही, पाद्री नाही, पवित्र पाण्याचा थेंब नाही. क्रूस कसा करतात ते त्यांना माहीत नव्हतं. मी कारवीच्या दोन काठ्या दोरीनं बांधून रोवल्या. त्या वाऱ्यानं फिरायच्या, मी सरळ करायचो. मग मी पोथी सुलटी धरली आणि वाचायला लागलो. तो मला वाचायलाच बोलावत होता, तर मी वाचणार होतो. चौथ्या ओवीला माझा आवाज गेला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच गेला. जी ओवी मी झोपेत म्हणू शकतो तिचे शब्द डोळ्यांसमोर होते आणि त्यांना काही अर्थच उरला नव्हता. तिथं मला साफ कळलं की हे ऐकणारं तिकडं कोणी नाही. जमिनीखाली नाही, आभाळातही नाही. ही भावना अजून गेलेली नाही, आणि गेली असं मी इथं लिहिणार नाही.

लखमी मागं उभी होती. ती म्हणाली, "दादा, मी सांगू का? त्याला सांगितली तीच. पुरी सांगायची राहिली व्हती."

मी म्हटलं, "नको."

कडक म्हटलं. ख्रिस्ती माणसाच्या मातीवर धान्याच्या देवीची कथा नको, एवढं माझ्यात तेव्हाही शिल्लक होतं. लखमीनं घरी जाऊन भाकर टाकली. मी खाल्ली. सकाळी निघताना गलबताचं पुस्तक तिच्या टोपलीत ठेवलं, का ते मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, येत जा.

वसई

परतीच्या रस्त्याचं लिहिण्यासारखं काही नाही. चौकीवरच्या शिपायानं ओळखलं आणि विचारलं, भाऊ भेटला का. मी हो म्हटलं.

अंगणात तुळया रचून ठेवल्या होत्या तिथं आई बसली होती. मी एकटा येताना तिनं लांबूनच पाहिलं. उठली नाही. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाली, "वाचला ना रे?"

"वाचत होता, आई," मी म्हणालो. "शेवटपर्यंत वाचत होता."

तिला अक्षर येत नाही, पण भाषा येते. ती लगेच समजली. मला आणखी एक शब्द बोलावा लागला नाही. नंतर पाद्री आले, त्यांनी तेलाच्या डबीवर हात ठेवून माझं सगळं ऐकलं. शुक्रवारचं ऐकून म्हणाले, ते देव मोजील. मी विचारलं, आणि उलट्या पोथीतली कणसरी? म्हणाले, इनास, मला माहीत नाही. त्यांनी खोटं सांगितलं नाही याचे मी आभार मानले. पण मला त्या दिवशी खोटं चाललं असतं.

दिवा लावायच्या वेळी आई खांबाला टेकून बसली. मी पोथी तिच्यापुढं ठेवली आणि ठसे दाखवले. तिनं बोटानं एकेक ठसा चाचपून पाहिला. मग पोथी उचलली, उलटी केली, आणि आपले दोन्ही अंगठे बरोबर त्या बाईच्या ठशांवर ठेवले.

"आई, उलटी धरलीस."

"तिनं अशीच धरली होती ना," आई म्हणाली. "माझ्या पोरानं शेवटी जे ऐकलं ते मला ऐकायचंय. बाबा वाचायचे ते मला ठाऊक आहे. तिचं सांग. काय होतं त्यात?"

ती देवी रुसून जाते, एवढं मला माहीत होतं. पुढं काय होतं, ती परत येते का, कोण तिला आणतो, ती कोणाशी बोलते, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मला सांगायला ती बाई तयार होती आणि मी नको म्हणालो होतो.

"सांग ना," आई म्हणाली. "परत आली का ती?"